समुद्री शेवाळ आंबवून हायड्रोजन: खरंच जमतं का, की फक्त पेपरातच?

निळंपाणी:
नमस्कार मंडळी. एमएससी मायक्रोबायोलॉजी, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला विषय मिळालाय समुद्री शेवाळापासून हायड्रोजन, तेही डार्क फर्मेंटेशनने, म्हणजे उजेडाशिवाय जिवाणूंकडून आंबवून. वाचून वाचून डोकं भंजाळलंय. जिथे बघावं तिथे एकच पाढा, शेवाळाला शेतजमीन नको, गोडं पाणी नको, लिग्निन (लाकडाला कडक करणारा पदार्थ) जवळपास नाही त्यामुळे फोडायला सोपं, वाढतं भराभर, अजून काय पाहिजे. आणि पान उलटलं की आकडे येतात ते एकाचे दुसऱ्याशी जुळतच नाहीत, कोणी मिली पर ग्रॅम देतं, कोणी मोल पर मोल, कोणी ओल्या वजनावर कोणी सुक्या, त्यात राख धरलीय का वगळलीय तेही कळत नाही.

माझा सरळ प्रश्न, एवढं सगळं चांगलं आहे तर हे अजून बाटलीतच का अडकलंय? मिठामुळे का? आणि ज्या टाकीत हायड्रोजन बनवणारे जिवाणू असतात तिथेच तो खाणारेही असतात म्हणे, त्यांना बाहेर कसं ठेवायचं? माझ्याकडे तपकिरी (केल्प टाइप) आणि लाल, दोन्ही सीवीड येऊ शकतं, कुठलं घेऊ? सिनियर म्हणतात नाद सोड, मिथेनवर कर, निदान गॅस तरी दिसेल. प्रत्यक्ष हात घातलेलं कोणी आहे का इथे?

प्रयोगवेडा:
हे तेच ना, शेवाळाची सल्फर तोडली की ते उन्हात स्वतःच हायड्रोजन सोडतं? मग आंबवायचं कशाला, थेट बुडबुडे गोळा करा की 😀

सूक्ष्मजीव_प्रेमी:
नाही हो प्रयोगवेडा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा घोळ कायम होतो. तुम्ही म्हणताय ती एकपेशीय हिरवी शेवाळं. १९४२ मध्ये गॅफ्रॉन आणि रुबिन यांनी दाखवलं होतं की ती ऑक्सिजन नसताना हायड्रोजन सोडू शकतात, मग २००० मध्ये मेलिस आणि मंडळींनी क्लॅमिडोमोनासची सल्फर तोडून ते काही दिवस चालू ठेवून दाखवलं. तिथे शेवाळ हाच कारखाना असतो. निळंपाणी विचारतेय त्यात शेवाळ हा नुसता कच्चा माल, ते मेलेलं, चिरलेलं, शिजवलेलं असतं, काम करतात क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू, आणि उजेडाचा काही संबंध नाही म्हणूनच त्याला डार्क म्हणतात.

आता मूळ प्रश्न. जिवाणू साखर खातो ती स्वतःला ऊर्जा मिळावी म्हणून, आपल्याला इंधन मिळावं म्हणून नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. साखर फोडताना इलेक्ट्रॉन जास्तीचे उरतात, ऑक्सिजन नसल्यामुळे ते टाकायला जागा नसते, मग हायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम ते प्रोटॉनवर टाकतं आणि हायड्रोजन बाहेर सोडतं. म्हणजे हायड्रोजन ही त्याची कचरा बाहेर टाकायची मोरी आहे. ही मोरी तुंबली, म्हणजे बाटलीत हायड्रोजनचा दाब वाढला, की तो पठ्ठ्या इलेक्ट्रॉन दुसरीकडे वळवतो, लॅक्टेट करतो, इथेनॉल करतो, आणि तुझा गॅस बसतो. म्हणूनच लोक सतत नायट्रोजन फुंकत राहतात किंवा हेडस्पेस, म्हणजे बाटलीतली द्रवावरची गॅसची जागा, मोकळी करत राहतात. पेपरांतल्या आकड्यांची तफावत निम्मी इथेच आहे, एकाने बाटली बंद ठेवून मोजलेलं असतं, दुसऱ्याने वारंवार गॅस काढून.

गणित असं. ग्लुकोजचा एक मोल, जिवाणूने सगळं अ‍ॅसिटेटच्या वाटेने नेलं तर जास्तीत जास्त ४ मोल हायड्रोजन. ब्युटिरेटच्या वाटेने गेला तर २ (दोन्ही आंबवण्यात मागे उरणारी आम्लं). साध्या ३५-३७ अंशांच्या मिश्र कल्चरमध्ये दोन्ही वाटा एकदम चालू असतात, मोजायला गेलं की हातात १ ते २.५ च्या आसपास येतं. ग्लुकोजमधला सगळा हायड्रोजन काढता आला असता तर आकडा १२ असता. म्हणजे सगळं देवासारखं नीट चाललं तरी एक तृतीयांश, बाकीचं अ‍ॅसिडमध्ये जाऊन बसतं. हे कोणाच्या हलगर्जीपणामुळे नाही, अ‍ॅसिटेटपासून पुढे हायड्रोजन काढायला ऊर्जा घालावी लागते, जिवाणू ती स्वतःच्या खिशातून कशाला घालेल.

शेवाळात मात्र गंमत आहे ती इथून पुढे, कारण त्यात नुसतं ग्लुकोज नसतं. तपकिरीत मॅनिटॉल (एक शर्करा-अल्कोहोल) असतं, ते ग्लुकोजपेक्षा दोन हायड्रोजन अणूंनी श्रीमंत, त्यामुळे त्याची कमाल मर्यादा ४ नाही, ५ मोल. लॅमिनारिन हे ग्लुकोजचंच, तेही सोपं. पण त्याच शेवाळात अल्जिनेट ढिगाने असतं आणि ते युरॉनिक आम्लांचं बनलेलं, आधीच ऑक्सिडाइज्ड, त्यातून कागदावरसुद्धा २ च्या वर जात नाही आणि बहुतेक जिवाणूंकडे ते फोडायचं एन्झाइमच नसतं. म्हणजे एकाच पानात सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात कंजूष खाद्य शेजारी शेजारी. म्हणून "तपकिरी शेवाळाचं यील्ड किती" असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, ते कधी कापलं यावर ठरतं. थंड समुद्रातल्या केल्पमध्ये मॅनिटॉल आणि लॅमिनारिन उन्हाळ्याच्या शेवटाकडे भरतं, हिवाळ्यात तळाला जातं. तुझं सॅम्पल कोणत्या महिन्यातलं आहे ते लिहून ठेव, परीक्षक विचारणार.

प्लांटवाले_काका:
वरचं सगळं बरोबर आहे पण अजून कोणी पाण्याबद्दल बोललं नाही, आणि हे सगळं घोडं तिथेच अडतं. मी बायोगॅस प्लांट चालवतो, शेवाळाचा नाही, पण ओला माल गरम करण्यात किती जातं ते रोज बघतो म्हणून जरा आकडे मांडतो, पोरी तू तुझ्या प्रोजेक्टला तपासून घे.

एक टन ताजं शेवाळ घे. त्यात ८५० किलो पाणी. उरलं १५० किलो सुकं, त्यातली ३० टक्के राख धर (शेवाळात राख भरमसाठ असते, २० ते ४० टक्के सहज), म्हणजे सेंद्रिय माल १०५ किलो. त्यातून आंबण्याजोगी साखर ६० किलो हाताला लागली असं उदार मनाने धरू. साखरेचा एक मोल म्हणजे १८० ग्रॅम, तर हे झाले ३३३ मोल. मोलाला २ मोल हायड्रोजन मिळाला तर ६६७ मोल, म्हणजे वजनात सव्वा ते दीड किलोच्या मधे. किलोला १२० मेगाज्यूल धरले तर सगळी मिळून १६० मेगाज्यूल ऊर्जा. एक टन माल उचलून, धुऊन, चिरून, शिजवून, आंबवून हातात काय, तर फ्युएल सेलची गाडी सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाईल इतका गॅस.

आता बहुतेक पेपरांत पहिली पायरी काय असते, सौम्य अ‍ॅसिड घालून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला शिजवा. २५ वरून १२१ पर्यंत ८५० किलो नुसतं पाणी तापवायलाच साधारण ३४० मेगाज्यूल लागतात, माल आणि भांडं वेगळं. म्हणजे १६० मिळवायला ३४० घातले. आणि समजा जिवाणूंनी कमाल केली, चारच्या चार मोल दिले, तरी ३२० होतात, तोटा तो तोटाच. लॅबमध्ये हे दिसत नाही कारण ऑटोक्लेव्हचं वीजबिल कोणी यील्डमध्ये धरत नाही.

कोणी म्हणेल उष्णता परत घ्या, हीट एक्स्चेंजर लावा. लावा की. पण अल्जिनेटचा चिकट रबरबा त्या नळ्यांमधून एकदा पाठवून बघा. पीएच थोडा वर गेला की तो असा घट्ट होतो की पंप रडतो, आणि कॅल्शियम भेटलं की जेलीच. त्यापेक्षा ४०-५० अंशाला एन्झाइमने फोडणं परवडतं, तापवायचा खर्च पाचव्या हिश्श्यावर येतो, पण मग एन्झाइमचा खर्च येऊन बसतो.

आणि त्याच ६० किलो साखरेतून मिथेन काढला तर? मोलाला ३ मोल मिथेन, म्हणजे कागदावर १६ किलो, ऊर्जा ८०० मेगाज्यूल. प्रत्यक्षात काही टक्के कमी धर, पण प्रथिनं पण पचतात त्यामुळे फार घसरत नाही. शिवाय बरेचदा न शिजवता नुसतं बारीक करून टाकलं तरी चालतं, वेळ जास्त लागतो इतकंच. म्हणून तुझे सिनियर म्हणतात ते अगदीच उगाच नाही.

निळंपाणी:
काका हा हिशोब मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये असा एका जागी मिळाला नव्हता, खूप धन्यवाद 🙏 पण मग हायड्रोजनचा मुद्दाच संपला का? आणि मिठाचं राहिलं.

प्लांटवाले_काका:
संपला नाही, एकट्याने परवडत नाही इतकंच माझं म्हणणं.

खारट_गप्पा:
मिठावर मी लिहितो, माझं काम त्यातच आहे (सागरी जिवाणू, हायड्रोजन नाही). मीठ हा शब्द लोक सरसकट वापरतात पण त्यात दोन वेगळे त्रास आहेत आणि त्यावरचे उपायही वेगळे.

पहिला सोडियमचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात सोडियम साधारण १०-११ ग्रॅम. सांडपाण्याच्या डायजेस्टरमधून आणलेलं स्लज (जिवाणूंनी भरलेला गाळ, हायड्रोजनवाले जिवाणू यातूनच घेतात) आयुष्यभर गोड्या पाण्यात राहिलेलं, त्याला एकदम यात टाकलं तर ते आखडणारच. यावर उपाय आहेत, हळूहळू सवय लावा, पातळ करा, किंवा मुळातच खाडीच्या गाळातलं, समुद्रतळाचं इनॉक्युलम (जिवाणूंचं विरजण) घ्या. सोडियमची इतकी भीती नको.

दुसरा त्रास सल्फेटचा, आणि खरी गोम यातच आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला २.७ ग्रॅमच्या आसपास सल्फेट, शिवाय शेवाळाच्या आतल्या शर्करांनाच सल्फेट चिकटलेलं असतं, तपकिरीत फ्युकॉइडन, लालमध्ये कॅराजीनन, हिरव्यात अल्व्हान. सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंना हायड्रोजन म्हणजे मेजवानी. तू बनवलेला गॅस ते तिथल्या तिथे संपवतात आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड देतात, म्हणजे इंधन गेलं आणि वर विष आलं. बाटलीतलं पाणी काळं पडायला लागलं, की समज, लोहाचा सल्फाइड बनतोय. हायड्रोजिनेजला लोह लागतं, ते असं तळाशी काळा गाळ होऊन बसलं की दुहेरी मार. आणि कृपा करून लोह वाढवायला फेरस सल्फेट घालू नकोस, भलतंच सल्फेट वाढवशील, फेरस क्लोराइड घे.

धुण्याबद्दल. गोड्या पाण्याने धुतलं की वरचं मीठ जातं हे खरं, पण आधी चिरून मग धुतलंस तर मॅनिटॉलही त्याच पाण्यातून गटारात जाईल, ते पाण्यात छान विरघळतं. पान अख्खं असताना धुवायचं, मग चिरायचं. आणि धुण्याचं पाणी कुठून आणणार हा प्रश्नही आहेच, "गोडं पाणी लागत नाही" ही जाहिरात तिथेच संपते.

अर्धवट_इंजिनिअर:
सगळे मिळून त्या पोरीला घाबरवताय राव. काकांचा हिशोब ३५ अंशांच्या कल्चरचा आहे. थर्मोटोगा मॅरिटिमा हा जिवाणू घ्या, तो मुळात समुद्रातल्या गरम झऱ्यांजवळचा, ८० अंशाला वाढतो, खारं पाणी त्याला घरचं, आणि तो ४ च्या जवळ पोचतो कारण तापमान वाढलं की हायड्रोजनची वाट ऊर्जेच्या हिशोबाने सोपी होते. लॅमिनारिन तो स्वतःच फोडतो, वेगळं एन्झाइम विकत आणायला नको. कॅल्डिसेल्युलोसिरप्टर पण आहे. ७०-८० अंशाला मिथेनवाले आणि बाकीचे उपटसुंभ बरेचसे आपोआप बाहेर राहतात. मग शिजवण्याची पायरी आणि आंबवण्याची पायरी एकच झाली की नाही?

प्लांटवाले_काका:
अर्धवट_इंजिनिअर भाऊ, ८० अंशाला ठेवायचं म्हणजे २५ वरून ५५ अंश वर न्यायचं, ८५० किलोला १९५ मेगाज्यूल. शिजवण्यापेक्षा बरं, मान्य. चार मोल मिळाले तर ३२० येतात, म्हणजे कागदावर पहिल्यांदा जमेत. पण हे प्राणी पातळ रश्श्यात वाढतात, त्यामुळे तुम्ही शेवाळात अजून पाणी घालणार, आणि ते पाणीही तापवणार. टनाला टन पाणी घातलं की जमा गेली. शेजारी कुठे फुकटची वाया जाणारी उष्णता असेल, एखाद्या कारखान्याचं गरम पाणी, तर मी तुमच्या बाजूने.

अर्धवट_इंजिनिअर:
हे मान्य. वाया जाणारी उष्णता हा मुद्दा मी गृहीतच धरला होता, लिहायचा राहिला. पण अजून एक, उरलेल्या अ‍ॅसिडचं काय, ते कोणी फेकून देत नाहीये ना. त्यातून उरलेला हायड्रोजन काढायच्या दोन वाटा आहेत. एक, जांभळे जिवाणू, ऱ्होडोबॅक्टर वगैरे, ते उजेडाच्या जोरावर अ‍ॅसिटेटच्या मोलमागे ४ मोल हायड्रोजन देऊ शकतात, म्हणजे दोन अ‍ॅसिटेटचे ८ आणि आधीचे ४, बारा पूर्ण.

सूक्ष्मजीव_प्रेमी:
कागदावर बारा. शेवाळ शिजवलेल्या पाण्याचा रंग बघितलाय का, काळ्या चहासारखा. त्यात उजेड बोटभर आत जात नाही. आणि हे जांभळे जिवाणू नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम वापरून हायड्रोजन करतात, अमोनिया दिसला की नायट्रोजिनेज दुकान बंद करतं. शेवाळात प्रथिनं असतात, आंबली की अमोनिया येणारच. निळंपाणी, या वाटेला एमएससीत जाऊ नकोस, पीएचडी मिळाली तर बघ.

अर्धवट_इंजिनिअर:
बरं, दुसरी वाट तरी ऐका. मायक्रोबियल इलेक्ट्रोलिसिस सेल. २००५ पासून हे माहीत आहे, अ‍ॅनोडवर जिवाणू अ‍ॅसिटेट खातात, इलेक्ट्रॉन तारेला देतात, आपण बाहेरून थोडं व्होल्टेज लावायचं आणि कॅथोडवर हायड्रोजन. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, इथे कागदावर ०.१४ पुरतात, प्रत्यक्षात अर्धा-पाऊण व्होल्ट लावावा लागतो तरी निम्मा खर्च. आणि सगळ्यांना नडणारं मीठ इथे कामाला येतं, खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. सांडपाण्यात हाच तर त्रास असतो की कंडक्टिव्हिटी नाही.

खारट_गप्पा:
हा मुद्दा आवडला. सल्फाइडने इलेक्ट्रोड खराब होतात ते मधे येईल, पण मीठ मदतीला येतं हे बरोबर.

प्रयोगवेडा:
किनाऱ्यावर वाहून येणारं शेवाळ फुकट मिळतं की, ते का नाही वापरत? कॅरिबियनमध्ये तर डोंगर लागतात त्याचे.

खारट_गप्पा:
सरगॅसम. २०११ पासून तिकडे मोठ्या प्रमाणात यायला लागलं, २०१८ मध्ये अटलांटिकमधला पट्टा २ कोटी टनांच्या वर मोजला गेला उपग्रहावरून. फुकट आहे हे खरं, पण वाळूसकट येतं, त्यात आर्सेनिक असतं त्यामुळे उरलेला गाळ शेतात टाकता येत नाही, साखर केल्पइतकी नाही, आणि एका वर्षी डोंगर तर एका वर्षी थोडंच. किनाऱ्यावर पडून दोन-तीन दिवस गेले की त्यातली चांगली साखर तिथल्याच जिवाणूंनी खाल्लेली असते, कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच पुरावा. कुठल्याही प्लांटला रोज सारखा माल लागतो, हे तसलं पीक नाही.

प्लांटवाले_काका:
आणि लागवडीचं शेवाळ इंधनाला घालणं मला तरी पटत नाही. जगात वर्षाला साडेतीन कोटी टन ओलं शेवाळ निघतं, जवळजवळ सगळं लागवडीचं आणि जवळजवळ सगळं आशियात, ते खायला जातं, अगार-अल्जिनेट-कॅराजीननला जातं, तिथे त्याला इंधनापेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. ते सगळंच्या सगळं आंबवलं तरी माझ्या वरच्या हिशोबाने वर्षाला ५० हजार टनांच्या आत हायड्रोजन निघतो. १९७० च्या दशकात तेलटंचाईनंतर अमेरिकेत केल्पची समुद्रातली शेतं करून मिथेन काढायचा मोठा कार्यक्रम झाला होता, पचवण्यापेक्षा जास्त त्रास समुद्रात ते शेत टिकवण्याचा झाला.

माझं मत विचारशील तर अल्जिनेट किंवा अगार काढून झाल्यावर जो चोथा उरतो ना, त्याच्यावर काम कर. तो आधीच चिरलेला, शिजवलेला, धुतलेला असतो. मीठ आणि बरंचसं सल्फेट निघून गेलेलं. तापवायचा खर्च दुसऱ्याच धंद्याने भरलेला. उरलेला माल मुख्यतः सेल्युलोज, आणि लिग्निनचं कोंडाळं नसल्यामुळे सेल्युलेज (ते फोडणारं एन्झाइम) सहज आत शिरतं. अल्जिनेटच्या चोथ्यात गाळताना मिसळलेली पर्लाइटची पूड असू शकते तेवढी बघ, नाहीतर राखेचा आकडा बघून घाबरशील. आणि हायड्रोजनची टाकी पहिली, मिथेनची दुसरी. पहिलीत पीएच साडेपाच, माल एखादा दिवस, तिथून अ‍ॅसिडसकट सगळं दुसरीत, तिथे पीएच सातच्या पुढे आणि दोन-तीन आठवडे. दोन्ही गॅस एकत्र केले तर हायथेन म्हणतात ते मिश्रण मिळतं, मिथेनमध्ये थोडा हायड्रोजन असला की इंजिनात ज्वलन स्वच्छ होतं, मग हायड्रोजन शुद्ध करा, ७०० बारला दाबा ही कटकटही नाही.

निळंपाणी:
चोथ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. गाईडना उद्याच विचारते, पण विषयात "सीवीड" शब्द आहे म्हणजे ते हो म्हणतील असं वाटतं. तुलनेसाठी एक बाजू ताजं तपकिरी आणि एक बाजू चोथा ठेवू का? आणि लाल मग सोडूनच देऊ? स्लज गरम करायचं सगळीकडे लिहिलंय, ते केलं की हायड्रोजन खाणारे सगळे मरतात ना?

सूक्ष्मजीव_प्रेमी:
तुलना चांगली होईल, ठेव. लाल सोड असं नाही, पण त्यात गॅलॅक्टोजबरोबर अ‍ॅनहायड्रोगॅलॅक्टोज असतं, अ‍ॅसिडमध्ये जरा जास्त वेळ शिजलं की त्याचं एचएमएफ नावाचं रसायन होतं आणि ते जिवाणूंना बाधतं. शिजवलेला रस लालसर तपकिरी, जळक्या साखरेच्या वासाचा झाला की समज जास्त झालं. एकाच प्रोजेक्टमध्ये इतकं नको.

स्लज गरम करण्याचं म्हणशील तर, उकळत्या पाण्याच्या बाथमध्ये अर्धा तास ठेवलं की मिथेनवाले मरतात कारण ते बीजाणू करत नाहीत, क्लॉस्ट्रिडियम बीजाणू करून बसतो आणि नंतर उठतो. पण सगळे मरत नाहीत. होमोअ‍ॅसिटोजेन नावाची जमात आहे, त्यांच्यातलेही बरेच बीजाणूवाले, ते ४ हायड्रोजन आणि २ कार्बन डायऑक्साइड घेऊन एक अ‍ॅसिटेट करतात. सल्फेटवाल्यांतही डिसल्फोटोमॅक्युलम बीजाणू करतो. म्हणून बंद बाटलीत पहिल्या दिवशी गॅस छान वर जातो आणि मग कोणी काही न करता खाली यायला लागतो, अ‍ॅसिटेट मात्र वाढत राहतं. बाटली गळतेय का कोणी खातंय हे ओळखायची खूण तीच, गळत असेल तर अ‍ॅसिटेट वाढणार नाही. गॅस वरच्या टोकाला असतानाच मोजून थांबायचं, शेवटचा आकडा देऊ नकोस, पूर्ण आलेखच दे.

वासावरूनही खूप कळतं. कुबट, आंबलेल्या लोण्यासारखा वास म्हणजे ब्युटिरेट, काम चालू आहे. अंड्याचा वास म्हणजे सल्फेटवाले जागे झालेत. पण मुद्दाम नाक लावून हुंगू नकोस, हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं, लेड अ‍ॅसिटेटची पट्टी हेडस्पेसच्या गॅसवर धर, काळी पडली की उत्तर मिळालं.

अर्धवट_इंजिनिअर:
सेटअपचं थोडं. सिलिकॉनची नळी वापरू नका, हायड्रोजन तिच्यातून आरपार जातो आणि तुम्ही जिवाणूंना शिव्या घालत बसता. ब्युटाइल रबरचं बूच, वर अ‍ॅल्युमिनियमची टोपी क्रिंप करून. मीडियात रेझाझुरिनचे दोन थेंब, गुलाबी दिसलं म्हणजे ऑक्सिजन आत आहे, रंग गेला की मगच इनॉक्युलम. पाणी सरकवून गॅस मोजणार असाल तर साधं पाणी नको, अ‍ॅसिड टाकलेलं संपृक्त मिठाचं पाणी घ्या, नाहीतर कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून आकडा कमी दाखवेल. आणि हवेत ४ ते ७५ टक्के कितीही असला तरी हायड्रोजन पेटतो, ठिणगी तर नगण्य पुरते. गॅस फ्यूम हूडमध्येच सोडा.

खारट_गप्पा:
कंट्रोल विसरू नको. नुसत्या स्लजची बाटली, कारण तेही थोडा गॅस देतं तो वजा करावा लागतो. नुसत्या ग्लुकोजची एक, म्हणजे इनॉक्युलम चांगलं आहे हे कळेल. आणि ग्लुकोज अधिक समुद्राच्या पाण्याइतकं मीठ अशी एक, पण त्यात एकदा सोडियम क्लोराइड आणि एकदा सोडियम सल्फेट, सोडियम दोन्हीत सारखं ठेवून. दोन त्रास वेगळे काढून दाखवलेस तर प्रोजेक्टला वजन येईल.

निळंपाणी:
हे सगळं लिहून घेतलं. यील्ड कशावर देऊ पण, व्होलाटाइल सॉलिड्सवर (राख वगळून उरलेला सेंद्रिय माल) की साखरेवर? आणि आमच्याकडे जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) आहे टीसीडी डिटेक्टरचा (गॅसची उष्णतावाहकता मोजणारा), कॅरियर गॅस हेलियम लावलेला असतो, चालेल ना?

सूक्ष्मजीव_प्रेमी:
दोन्हीवर दे. व्होलाटाइल सॉलिड्सच्या ग्रॅममागे मिली, शून्य अंश आणि एक वातावरण दाबाला बदलून, आणि शेजारी साखरेच्या मोलमागे मोल. वर सीओडीचा (सगळं ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन) ताळेबंद मांड, हायड्रोजनचा १ ग्रॅम म्हणजे ८ ग्रॅम सीओडी, त्यात अ‍ॅसिटेट, ब्युटिरेट, लॅक्टेट, इथेनॉल मिळवून शंभराच्या जवळ आलं तर तुझ्या आकड्यांवर कोणी बोट ठेवणार नाही.

हेलियम मात्र चालणार नाही. त्याची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या इतकी जवळ आहे की पीक (आलेखावरचा उंचवटा) एवढंसं येतं, कधी कधी वाकडंही. नायट्रोजन नाहीतर आर्गॉन लावायला सांग. पण तू बाटल्या नायट्रोजनने फुंकणार असशील आणि हवा शिरली का तेही त्याच रनमध्ये बघायचं असेल तर आर्गॉनच लाव, म्हणजे नायट्रोजनचं पीकही दिसेल. लॅब असिस्टंटला आधीच सांगून ठेव, सिलिंडर यायला वेळ लागतो.